तंबूतल्या वहिनी

पाऊस लागला की वहिनी अजूनही गॅलरीत येऊन उभ्या राहतात. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली रस्ता, रस्त्यावर पाणी आणि पाण्यातून जाणारी आजकालची सायकलवाली मंडळी. त्यांचे ते रंगीत, तलम, वाऱ्यानं फुग्यासारखे फुगणारे रेनकोट बघून वहिनींचा जीव खालीवर होतो. "अरे, मागून बांध तो! बांध कमरेला! वारा शिरला की पालथा पडशील!" असं त्या वरून ओरडतात. खालच्याला काही ऐकू जात नाही. लेक आतून म्हणते, "आई, आत ये बघू, भिजशील." वहिनींना कुणी भिजण्याची भीती घालावी याचं त्यांना हसू येतं, आणि हसता हसता त्या नदीच्या दिशेला बघत राहतात. तिथून नदी दिसत नाही. मधे इमारती आल्या आहेत.

आता म्हणे पुलाला एक डबी बसवली आहे आणि ती डबी आपली आपणच पाण्याची उंची मोजून कचेरीला कळवते. चांगलंच आहे. डबीला राहायला खोली लागत नाही, डबीला ताप येत नाही. पण डबीला कुणी रस्त्यात थांबवून "काय, कितीवर आलंय पाणी?" असं विचारतही नाही, आणि वहिनींच्या मते त्या विचारण्यातच सगळी गंमत होती.

कारण त्या काळी हे काम माणूस करायचा. गावाच्या टोकाला पूल होता. पुलाच्या मधल्या खांबावर काळ्यापांढऱ्या रंगाची उंच पट्टी, तिच्यावर आकडे आणि वरच्या अंगाला एक लाल रेघ. पावसाळाभर पहाटेपासून दिवे लागेपर्यंत ठरल्या वेळी सायकलवर पुलापर्यंत जायचं, आकडा वाचायचा, परत खोलीवर यायचं आणि भिंतीवरच्या टेलिफोनवरून तो आकडा कचेरीला सांगायचा. पाणी लाल रेघेला लागलं की टेकडीवरच्या कचेरीचा भोंगा वाजायचा आणि खालच्या आळीतली माणसं पोराबाळांना घेऊन वरच्या शाळेत जाऊन बसायची. हे काम करणाऱ्याला सगळे पट्टीवाला म्हणत. पट्टीवाल्याला राहायला दोन खोल्या मिळत, टेलिफोनसकट. वहिनींचे यजमान पट्टीवाले होते.

त्यांना सगळे घुमेराव म्हणत. हे आडनाव नव्हे. माणूस घुमा, म्हणून लोकांनीच चिकटवलेलं नाव. मुलगी पसंत आहे का असं वहिनींच्या वडिलांनी विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती होकाराची होती की नकाराची यावर दोन्ही घरांत बराच खल झाला. उलट वहिनी! सकाळी डोळे उघडायच्या आधी त्यांचं तोंड उघडायचं. नळावर, दुकानात, जिन्यात, जिथे दोन माणसं भेटतील तिथे तिसऱ्या वहिनी. अशी ही जोडी. देवानं दोघांच्या वाटणीचं बोलणं चुकून एकाच पुडीत बांधलं, असं गल्ली म्हणायची.

एका गोष्टीवर मात्र घुमेराव बोलत. पावसातली सायकल! हा विषय निघाला की त्यांना वाचा फुटायची. त्यांचा रेनकोट बाजारातला नव्हता. जाड मेणकापड आणून त्यांनी स्वतः तो शिवला होता. गळ्याला भोक, मागं गुडघ्यापर्यंत लांब, आणि पुढच्या कडेला दोन फासे. ते फासे हँडलच्या मुठींत अडकवले की अंगाभोवती चांगला तंबू उभा राहायचा. मांड्या कोरड्या, हात कोरडे. आतून एक पट्टा कमरेला बांधायचा, म्हणजे वारा शिरून कापड उडत नाही. टोपऱ्याच्या आत पुढे छज्जा असलेली टोपी, म्हणजे टोपरं डोळ्यांवर येत नाही आणि मान वळवली की तेही वळतं. आत लोकरी बनियन, कारण लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. सीटखाली जुन्या ट्यूबचा तुकडा, दोन्ही तोंडं बांधलेला, त्यात कोरडा शर्ट. चाकांत हवा थोडी कमी, म्हणजे घसरत नाही. ब्रेक लावायच्या आधी तो दोनदा हलकेच दाबायचा, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. आणि पायांत? चिखलाला गमबूट, पाण्याला बक्कलाच्या सँडल. "पाणी घोट्याच्या वर गेलं की बूट घरी ठेवायचे," घुमेराव म्हणत. "बुटात पाणी शिरलं की तो पाय आपला राहत नाही." एवढी वाक्यं सलग बोलून झाली की ते दोन दिवस विश्रांती घेत.

असा हा माणूस, पुराच्या पाण्यात कधी ज्याचा पाय घसरला नाही, तो एका सकाळी स्वतःच्या घरातल्या मोरीत, साबणाच्या वडीवरून घसरला. डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर बसलं. आणि पावसाळा तर नुकता कुठे भरात येत होता.

नियम साधा होता. पावसाळ्यात पट्टीवाला अंथरुणाला खिळला तर कचेरी दुसरा माणूस नेमणार आणि खोल्या नेमणुकीबरोबर जाणार. पट्टी एक दिवससुद्धा वाचल्याशिवाय राहता कामा नये, हे घुमेरावांनाही पटत होतं. त्यांनी टेलिफोनकडे हात नेला. दुसरा माणूस पाठवा, असं ते सांगणार होते. वहिनींनी हात मधेच धरला.

"थांबा. ह्या दोन खोल्या गेल्या तर जाणार कुठे आपण? तुमच्या भावाच्या ओसरीवर? त्यापेक्षा मला सांगा, तुम्ही सायकलवरून जाता तेव्हा लोकांना दिसतं काय?"

घुमेराव विचार करून म्हणाले, "तंबू."

"मग झालं तर!"

वहिनींना सायकल येत होती. माहेरी थोरल्या भावाच्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून त्या शिकल्या होत्या. अंगापिंडानं दणकट, उंचीला नवऱ्याच्या कानाशी लागणाऱ्या. त्यांनी नवऱ्याची पँट चढवली, तंबू अंगावर घेतला, टोपी घातली, टोपरं ओढलं. प्रश्न पायांचा होता. वहिनींचे पाय लहानखुरे. सँडलमधून ते दिसले असते तर गल्लीनं बरोबर ओळखलं असतं. म्हणून त्यांनी गमबूट घातले, आत चिंध्या कोंबून. घुमेरावांना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी सँडल पिशवीत घालून कॅरियरला बांधायला लावल्या. "घालू नकोस हवं तर. पण जवळ असू दे."

तर ठरलं असं, की पट्टी वहिनी वाचणार आणि घुमेराव पलंगावरून टेलिफोनवर आकडा सांगणार. आवाज पट्टीवाल्याचा, डोळे वहिनींचे. लाट वर चढते तो आकडा नाही, खाली बसते तोही नाही, दोन्हींच्या मधला धरायचा, हे त्यांनी उशीवर बोट फिरवून शिकवलं. लेक तेव्हा शाळेत होती. तिला सगळं समजावून सांगितलं. ती बापावर गेलेली, तिच्याकडून काही फुटण्याची भीती नव्हती. भीती होती ती फक्त वहिनींच्या तोंडाची.

पहिल्याच फेरीला त्याची परीक्षा झाली. गल्लीच्या तोंडाशी शेजारीण छत्री घेऊन उभी. "काय घुमेराव, आज वहिनी दिसल्या नाहीत?" वहिनींच्या जिभेच्या टोकावर किमान पाच उत्तरं आली. ती सगळी गिळून त्यांनी नवऱ्यासारखा एक हात वर केला आणि पुढे निघाल्या. पुलापर्यंत ती पाच उत्तरं त्यांच्या पोटात फिरत होती. मग परत येऊन, कपडे बदलून, छत्री घेऊन त्या मुद्दाम त्याच शेजारणीकडे गेल्या आणि तासभर बोलून मोकळ्या झाल्या. "आमचे हे काय घुम्यासारखे गेले हो तुमच्यासमोरून? बोलायचं तरी!" असंही वर म्हणाल्या. तेवढं केल्यावर त्यांना जेवण गेलं.

आणि त्या पावसाचं काय सांगावं! सगळं गाव हात जोडून म्हणत होतं, बाबा रे, थांब आता. पट्टीवाल्याच्या खोलीत मात्र नवराबायको खिडकीतून आभाळ बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, पड, आणखी पड. कारण पाऊस होता तोवर तंबू होता, तंबू होता तोवर खोल्या होत्या. पाऊस थांबला, ऊन पडलं, तर भर उन्हात तंबू घालून कोण फिरतं? एकदा पडलंच ऊन. चांगलं लख्ख. वहिनींनी दात-ओठ खाऊन सगळा जामानिमा चढवला आणि घामानं निथळत निघाल्या. लोक हसायला लागले. एकानं विचारलं, "घुमेराव, आज कशाचा पाऊस?" वहिनींनी एक बोट वर आभाळाकडे दाखवलं. दुसरं करणार काय? आणि त्या पुलावर पोचेपर्यंत असा कोसळला म्हणता! त्या दिवसापासून खालच्या आळीत तंबू दिसला की कुणी कपडे वाळत घालेना. घुमेरावांना पावसाचं कळतं, असं लोक एकमेकांना सांगू लागले. ही हकिगत वहिनींनी पलंगाशी बसून सांगितली तेव्हा घुमेराव इतके हसले की प्लास्टर पलंगाच्या कडेवर आपटलं.

खरी गोष्ट अशी की वहिनींना ते सगळं आवडायला लागलं होतं. पहाटेचा रिकामा रस्ता, मेणकापडावर वाजणारा पाऊस, आत आपल्याच श्वासाची ऊब. आजवर आपण पावसाला दाराच्या आतूनच बघितलं, असं त्यांच्या लक्षात आलं. चाक पाण्यातून जाताना दोन्ही बाजूंनी पाणी कसं दुभंगतं, कुठे ते गोल फिरतं म्हणजे खाली गटाराचं तोंड उघडं आहे, पुलाखालची नदी पिवळी असते तेव्हा वास कसा येतो आणि तांबडी होते तेव्हा कसा, हे सगळं त्यांना कळू लागलं. घरी येऊन त्या नवऱ्याला सांगायच्या आणि तो डोळे मिटून ऐकायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी एकाच विषयावर बोलावं असं पहिल्यांदाच होत होतं. म्हणजे वहिनी बोलत आणि घुमेराव मधेच म्हणत, "पिंपळाच्या वळणावर डावीकडून घे." पण ते त्यांच्या मानानं पुष्कळच.

पुलाच्या अलीकडे औषधवाल्यांचं दुकान होतं, उंच चौथऱ्यावर. घुमेराव रोज तिथे पाय टेकून दोन मिनिटं थांबत. औषधवाले बोलत, घुमेराव ऐकत. हा शिरस्ता मोडायची सोय नव्हती, म्हणून वहिनीही थांबू लागल्या. औषधवाले शटरच्या आत कोरडे बसून बोलत आणि वहिनी पागोळ्यांखाली टोपरं खाली ओढून मान डोलवत. एके दिवशी ते म्हणाले, "काल तुमची मंडळी आमच्या घरी आली होती. माझी बायको भाजी निवडायला बसली होती ती निवडून झाली, शिजली, तरी ह्यांचं चालूच!" तंबूच्या आत वहिनींचे कान तापले. औषधवाले आपल्याच नादात पुढे म्हणाले, "मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, एवढं कसं ऐकून घेता हो? तुम्ही काय म्हणालात आठवतंय? एरवी तुम्ही कधी बोलत नाही, म्हणून माझ्या चांगलं लक्षात राहिलंय. म्हणालात, 'ती माहेरी गेली की घर माझं वाटत नाही.'"

वहिनींनी एक हात वर केला आणि निघाल्या. त्या दिवशी पट्टीवरचा आकडा त्यांना दोनदा वाचावा लागला. घरी येऊन त्यांनी आकडा सांगितला आणि गप्प राहिल्या. चहा केला, गप्पच. घुमेराव घाबरले. "बरं नाही वाटत का तुला?" असं त्यांनी आपणहून विचारलं. वहिनींनी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "मला काही धाड भरलेली नाही. पाय दुखतोय का तुमचा?"

मग तो दिवस आला. वरच्या अंगाला आठवडाभर पाऊस धरून होता. दुपारच्या फेरीला वहिनी पुलावर पोचल्या तेव्हा लाल रेघ दिसेना. वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. रेघ पाण्याखाली होती, चांगली हातभर. सकाळी ती उघडी होती. इतक्या झपाट्यानं पाणी चढलेलं घुमेरावांनीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

परत फिरल्या तर पुलाच्या उतारालाच पाणी लागलं. बघता बघता ते पेडलला भिडलं. गमबुटांत पाणी शिरलं आणि चिंध्या फुगल्या. पाय शिशाचे झाले. उजवा पाय पेडलवरून निसटला, सायकल कलली आणि वहिनी कडेच्या चरात, कमरेइतक्या पाण्यात उभ्या. तंबू पाण्यावर पसरला आणि प्रवाह तो ओढायला लागला. फासे मुठींतून सोडवायला क्षणभर उशीर झाला असता तर हे लिहायला कारणच उरलं नसतं. सायकल त्यांनी पाणी वाहत जातं त्या अंगाला धरली, कारण पाणी येतं त्या अंगाला धरली तर ती अंगावर येते, हे पलंगावरून त्यांना शंभरदा ऐकवलेलं होतं. तशाच चाचपडत त्या औषधवाल्यांच्या चौथऱ्याला लागल्या.

आता इथे खरा पेच होता. पुढे खालची आळी, तिच्यापलीकडे चढ आणि चढावर टेलिफोनची खोली. आळीचा रस्ता भरत चालला होता. टेकडीला वळसा घालून, वरच्या रस्त्यानं गेलं तर घरी पोचता आलं असतं. घुमेरावांनी आपल्या आवाजात आकडा सांगितला असता, कुणाला काही कळलं नसतं, खोल्या राहिल्या असत्या. पण त्या वळशाला तासभर लागला असता. आणि आळीत लोक दुपारचे आडवे झालेले.

वहिनी चौथऱ्यावर बसल्या आणि त्यांनी बूट ओढून काढले. चिंध्यांचे बोळे बाहेर पडले. पिशवीतून सँडल काढून त्यांनी बक्कलं लावली. औषधवाले आ वासून त्या पायांकडे बघत होते. मग वहिनींनी टोपरं मागं टाकलं.

"वहिनी? तुम्ही?"

"हो, मीच. भाजी निवडायला नंतर येईन. आधी तो फोन इकडे द्या."

पलीकडून कचेरीतला टेलिफोनवाला कातावून म्हणाला, "कोण बोलतंय? पट्टीवाल्याला द्या."

"पट्टीवाल्याचा गुडघा फुटलाय, पलंगावर आहे तो. इतके दिवस पट्टी मी वाचतेय, त्याची बायको. लाल रेघेच्या वर हातभर पाणी आहे. माझं काय करायचं ते सावकाश करा. भोंगा वाजवा आधी!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि थोड्याच वेळात टेकडीवरून भोंगा. पण धो धो पावसात त्या भोंग्याचं काय ऐकू येणार? ज्यांना ऐकू आला त्यांनी तो गिरणीचा समजून कूस बदलली. वहिनी आळीत शिरल्या. टोपरं मागं, केस गळ्यात, घंटी दाबून धरलेली, आणि इतके दिवस कोंडून ठेवलेला आवाज एकदम मोकळा. "उठा हो, उठा! झोपता काय! पाणी आलं! लेकरं उचला, भांडी राहू द्या!" हा आवाज कुणाचा हे आळीत कुणाला विचारावं लागलं नाही. दारं धडाधड उघडली. तंबूतून वहिनी बोलतायत याचं नवल करायलाही कुणी थांबलं नाही. एक म्हातारा शिंपी तेवढा अडून बसला, मशीन घेतल्याशिवाय यायचा नाही म्हणाला. वहिनींनी त्याच्याशी वाद घातला नाही. मशीनचं डोकं उचलून कॅरियरवर बांधलं, त्याच्या हातात मागची बाजू दिली आणि तिघं चढावर आली: वहिनी, शिंपी आणि मशीन. संध्याकाळपर्यंत आळीत छतापर्यंत पाणी होतं. माणूस एकही नव्हतं.

वहिनी खोलीवर पोचल्या तेव्हा घुमेराव दारात, एका पायावर, चौकटीला धरून उभे होते. ते दुपारपासून टेलिफोनशी बसून आकड्याची वाट बघत होते. आकडा आला नाही आणि भोंगा वाजला, तेव्हाच ते काय समजायचं ते समजले होते. आधी त्यांनी खाली बघितलं.

"सँडल घातल्यास."

"घातल्या," वहिनी म्हणाल्या आणि मग त्यांना रडू कोसळलं. पाणी आधीच तापवून ठेवलेलं होतं.

पूर ओसरला, चिखल उपसून झाला, घुमेरावांचं प्लास्टरही निघालं, तरी कचेरीतून कुणी आलं नाही. ते दिवस फार वाईट गेले. वहिनी रोज पट्टी वाचत होत्या, आता टोपरं न ओढता, आणि रोज परत येताना दाराला कुलूप तर नाही ना, हे आधी बघत होत्या. लोक हात हलवत, पोरं "तंबूतल्या वहिनी!" म्हणून मागे धावत. वहिनी हसत, पण मनात एकच: खोल्या गेल्या तर. आणि त्याच्याही खाली आणखी एक, ज्याची त्यांना लाज वाटे. नवऱ्याचा गुडघा बरा झाल्याचा त्यांना पुरता आनंद होत नव्हता.

एका रिमझिमत्या सकाळी कचेरीतले साहेब आले. बूट बाहेर काढून खुर्चीवर बसले. वहिनी आतल्या दाराशी, हातात तंबू. त्याला त्या मेण चोळत होत्या.

"मी वर सगळं कळवलं होतं," साहेब म्हणाले. "खोल्यांची काळजी सोडा. पट्टीवाला आजारी असेल तर घरचं माणूस बदलीवर काम करू शकतं, असं मी मंजूर करून आणलंय. पण फक्त आजारी असेपर्यंत. तुम्ही बरे असाल तर उद्यापासून तुम्हीच जायचं." मग घुमेरावांकडे बघून म्हणाले, "बरा झाला ना गुडघा?"

खोल्या राहिल्या! वहिनींच्या छातीवरचा दगड उतरला. आणि लगेच त्यांचा हात मेणकापडावर थांबला. उद्यापासून. म्हणजे आज संध्याकाळची फेरी शेवटची. त्यांनी मान खाली घातली आणि जोरजोरात मेण चोळायला लागल्या. घुमेरावांनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आज सकाळीच ते कुबडीशिवाय नळावर जाऊन आले होते, हे दोघांनाही माहीत होतं.

"नाही," घुमेराव म्हणाले. "दुखतो."

"चालून दाखवा बघू."

घुमेराव उठले. खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस, खोटं चालणार तरी कसं? पण लंगडले मात्र झकास. एकेक पाऊल टाकताना तोंडही वाकडं केलं. फक्त लंगडले ते उजव्या पायानं.

वहिनींनी जीभ चावली. साहेबांनी त्या पायाकडे बघितलं, मग कोपऱ्यात ठेवलेल्या डाव्या पायाच्या प्लास्टरच्या कवचाकडे बघितलं, मग खिडकीबाहेर पावसाकडे. खोकले. "बरं व्हायला वेळ लागेल असं दिसतंय," ते म्हणाले. "मोठं दुखणं आहे. बाईच राहू देत बदलीवर." बाहेर जाऊन त्यांनी बूट घातले आणि मागं न बघता गेले.

खोलीत दोघंच उरली. वहिनींना हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही थांबत नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मोडला होता तो डावा."

घुमेरावांनी आपल्या दोन्ही पायांकडे नीट बघून घेतलं.

"असं होय," ते म्हणाले. "मग आता दोन्ही दुखतात म्हण."

आणि नोकरी संपेपर्यंत, हिवाळ्या-उन्हाळ्यात टेकडी चढून-उतरून येणाऱ्या त्या माणसाचे दोन्ही गुडघे दर पावसाळ्यात दुखत राहिले.